उतारावर जगणारा

कागदोपत्री त्याचं नाव नीरा डावा कालवा. बारामतीत नुसतं ‘कॅनॉल’ म्हटलं तरी भागतं आणि जुनी माणसं अजून ‘पाट’च म्हणतात. अंग रुंद, पाणी मातकट हिरवं, एका काठानं पाटकऱ्याची मोटारसायकल जाईल एवढी वाट. चाल अशी की पुलावर उभं राहून पाहिलं तर क्षणभर वाटावं, हा चालतोय की नुसताच पडून आहे? पण पाण्यावरून वाहत आलेलं उसाचं पाचट पुलाच्या या बाजूनं आत शिरतं आणि त्या बाजूनं बाहेर पडतं, तेव्हा कळतं की गडी चालतोय.

पुरंदर तालुक्यातल्या वीर धरणापाशी तो निघतो. नीरा नदीला उजव्या हाताशी ठेवून सोमेश्वर, वडगाव निंबाळकर, माळेगाव करत बारामती शहरातून जातो आणि मग भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे या पट्ट्यातून इंदापूर तालुक्यात पुढं सरकतो. एकूण वाट दीडशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या वाटेवर त्याला ढकलणारी एकही मोटर नाही, की वीज नाही, डिझेल नाही. नववी-दहावीच्या मुलांनी या गड्याची ओळख करून घ्यावी ती एवढ्यासाठीच. विज्ञानाच्या पुस्तकातले अर्धे धडे तो रोज उघड्यावर करून दाखवतो आणि त्यासाठी त्याच्याजवळ भांडवल म्हणून एकच गोष्ट आहे, ती म्हणजे उंची.

जन्म त्याचा दुष्काळातला. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून या कालव्याची खोदाई सुरू झाली आणि १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागलं. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण बांधून त्याच्या पोटापाण्याची सोय केली गेली. आज त्या जलाशयाला येसाजी कंक यांचं नाव आहे. पुढं वीरचं धरण झालं आणि त्याचा उंबरठा पक्का झाला.

वीर धरण काठोकाठ भरतं तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ५८० मीटरच्या घरात असते. इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेला उजनी धरणाचं पाणी पसरलेलं आहे, त्याची पूर्ण पातळी ४९७ मीटरच्या आसपास. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा मिळून फरक ८० मीटरच्या थोडा वर. डाव्याची सगळी इस्टेट याच्या आतली. पुस्तकात हिला स्थितिज ऊर्जा म्हणतात: वस्तुमान गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले उंची. एक घनमीटर पाणी घ्या, म्हणजे हजार लिटर, हजार किलो. ८० मीटरनं गुणलं, ९.८ नं गुणलं, तर उत्तर येतं ७,८४,००० ज्यूल. आकडा भारदस्त आहे खरा, पण विजेच्या बिलावरच्या एका युनिटात ३६ लाख ज्यूल असतात. हजार लिटर पाण्याची वीरपासूनची सगळी मिळकत पाव युनिटसुद्धा भरत नाही. शेतातली पाच अश्वशक्तीची मोटर तेवढी साडेतीन मिनिटांत संपवते.

तेवढ्यात याला दीडशे किलोमीटर काढायचे आहेत, म्हणून गडी पक्का हिशेबी झालाय. किलोमीटरला अर्ध्या मीटरच्या फार वर उतरायचं नाही, हा त्याचा नेम. डोळ्याला दिसणार नाही इतका हा उतार. पुढं टेकाड आलं की तो सरळ चढत नाही, कारण चढायला उंची लागते आणि ती उसनी कुणी देत नाही. तो टेकाडाला वळसा घालतो. ओढा आडवा आला की खाली उतरत नाही, कारण एकदा उतरला की परत वर येणं नाही. मग ओढ्याला खालून वाट देऊन स्वतः वरून जातो. नकाशात त्याची रेघ अशी नागमोडी दिसते ती या कंजूषपणामुळं. समान उंचीच्या ठिकाणांना जोडणारी रेषा भूगोलाच्या पुस्तकात समोच्च रेषा म्हणून भेटते, आणि डावा तिला जवळजवळ चिकटून चालतो. ‘जवळजवळ’ यासाठी की अगदीच चिकटला असता तर जागेवर थांबला असता. त्याचं सगळं चालणं त्या किंचित तफावतीवर.

आता एखादा चलाख मुलगा विचारेल की ८० मीटर खाली आलेलं पाणी इतकं हळू कसं? बरोबर विचारलं. तेच पाणी ८० मीटर उंचीवरून थेट खाली पडलं असतं आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला ४० मीटरच्या जवळ, म्हणजे ताशी १४० किलोमीटरच्या वर असता. सगळी स्थितिज ऊर्जा गतिज झाली असती. डाव्याची चाल मात्र सेकंदाला पाऊण मीटर धरली तरी पुष्कळ. त्या चालीनं दीडशे किलोमीटर जायला साडेपंचावन्न तास लागतात. म्हणजे वीरला सोडलेल्या पाण्याची इंदापूरकडच्या माणसानं तिसऱ्या दिवशी वाट पाहावी, आणि तीही पाणी कुठंच अडलं नाही तर.

मग ती ऊर्जा गेली कुठं? ऊर्जा नाहीशी होत नाही, हे तर पाठ केलेलं असतं. ती घर्षणात गेली. पाण्याचा थर थराला घासतो, तळाला घासतो, काठाच्या गवताला घासतो आणि प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी ऊर्जा उष्णता होऊन पाण्यातच मुरते. किती तापलं असेल पाणी? हजार किलो पाण्याला एक अंशानं तापवायला सुमारे ४२ लाख ज्यूल लागतात. आपल्याकडं आहेत पावणेआठ लाखांच्या जरा वर. वीरपासून निघून सगळी इस्टेट फुंकून टाकली तरी पाणी अंशाच्या पाचव्या हिस्स्याइतकंही तापत नाही. थर्मामीटर घेऊन बसलं तर सापडणारही नाही, कारण बारामतीचं ऊन त्याच्या कितीतरी पट देतं. पण हिशेबात ती आहे. एकोणिसाव्या शतकात जेम्स ज्यूलनं हेच सिद्ध केलं: पडणारं वजन पाण्यात पंखे फिरवतं, पाणी तेवढ्या प्रमाणात तापतं, आणि यांत्रिक काम आणि उष्णता या एकाच खात्यावरच्या दोन नोंदी आहेत. डाव्याच्या खात्यात ही नोंद दीडशे वर्षं होत आली, रोज होते.

मिळकतीचा उगमही सांगायला हवा, नाहीतर वाटायचं की गड्यानं ती स्वतः कमावली. अरबी समुद्राचं पाणी उन्हानं वाफ करून वर नेलं, सह्याद्रीनं ते ढग अडवले, पाऊस भोरच्या डोंगरात पडला, तो भाटघरला साठला. ही उंची सूर्यानं दिलेली आहे. आणि देणारा परत घेतोही. उन्हाळी आवर्तनात काठावर उभं राहिलं की पाण्यावरून येणारा वारा अंगाला गार लागतो. कारण बाष्पीभवन. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला चोवीस लाख ज्यूलच्या आसपास उष्णता लागते आणि त्यातली बरीचशी ते पाण्यातून आणि हवेतून काढून घेतं. पुस्तकातला अप्रकट उष्मा म्हणतात तो हाच. आता शेजारी आकडा ठेवून पाहा. एका लिटरनं ८० मीटर उतरताना जी ऊर्जा खर्चली ती अवघी ७८४ ज्यूल. तेच लिटर उडून जायला तीन हजार पट. डाव्यानं चिमटीनं खर्च केलेली उंची एकीकडं आणि ऊन ज्या प्रमाणात देतं-घेतं ते एकीकडं. त्या व्यवहारापुढं बिचाऱ्याची सगळी काटकसर चिल्लर आहे.

तरी चिल्लर म्हणून त्याच्या अंगाशी खेळू नये. थंडीत पाणी निवळतं तेव्हा तळ दिसतो आणि पोरांना वाटतं, कंबरभर असेल. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो आणि पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३, त्यामुळं काठावरून सरळ खाली पाहिलं तरी दोन मीटर खोल पाणी दीड मीटरच दिसतं. तिरकं पाहिलं तर आणखी उथळ. ज्याला कंबरभर समजलं ते छातीच्या वर निघतं, आणि जिथं काठाला अस्तर आहे तिथं शेवाळ असतं, हाताला धरायला काही नसतं. हा गडी हळू चालतो, पण एका घनमीटरला हजार किलो वजन घेऊन चालतो. संथ चालणाऱ्या जड माणसाला आडवं जाऊ नये.

त्याचा जोर बघायचा तर फाट्याच्या दारापाशी जावं. बाजूच्या वितरिकेला पाणी सोडायचं लोखंडी दार, वर उभा स्क्रू, त्यावर फिरवायचं हँडल. मागं तात्या पाटकरी हँडल फिरवत होते आणि नववीतलं एक पोरगं दप्तर पाठीला लावून शेजारी उभं होतं.

“तात्या, इतक्या फिरक्या मारल्या आन दार बोटभरच उठलं की.”

“बोटभरच उठणार. एका दमात उठवायचं म्हनलास तर तुझा आख्खा वर्ग घिऊन ये.”

तात्यांचं गणित चोख होतं. समजा दार एक मीटर रुंद आहे आणि मागं दोन मीटर पाणी. पाण्याचा दाब वर शून्य, खाली जावं तसा वाढत जातो. त्याची सरासरी काढून दाराच्या क्षेत्रफळानं गुणलं तर दारावरचं बल येतं १९,६०० न्यूटन, म्हणजे दोन टन वजनाइतकं. हे बल दाराला उचलत नाही की पाडत नाही, खाचेच्या कडेवर दाबून धरतं. म्हणून दार वर ओढताना खरी लढाई घर्षणाशी असते. दाबाचा तिसरा हिस्सा घर्षणात धरला तरी साडेसहाशे किलो उचलल्यासारखा तो प्रकार. एका माणसाच्या हातून ते कसं होतं? हँडलचं टोक एका फेरीत अडीच मीटर फिरतं आणि दार समजा एक सेंटिमीटर उठतं. अंतर अडीचशे पट जास्त, म्हणून लागणारा जोर अडीचशे पट कमी. स्क्रू स्वतःच्या घर्षणात त्यातला बराच खाऊन टाकतो, तरी जे उरतं त्यावर तात्यांचं भागतं. साध्या यंत्राचं सगळं मर्म एवढंच आहे: जोर वाचतो, काम वाचत नाही. वाचलेला जोर घामाच्या रूपानं फिरक्यांत भरावा लागतो.

दाराखालून उसळणारं पाणी किती वेगानं बाहेर पडतं, तेही मागच्या उंचीवर ठरतं. दोन मीटर उंचीचं पाणी मागं असेल तर वेग सेकंदाला सहा मीटरच्या वर; ती उंची पाव झाली, अर्ध्या मीटरवर आली, तर वेग पाव होत नाही, निम्मा होतो. वर्गमूळ आडवं येतं. कालव्यात पाणी उतरलं तरी वरच्या अंगाच्या फाट्याला म्हणावी तितकी झळ लागत नाही आणि तेवढं पाणी पुढच्या फाट्यांना कमी पडतं, त्यामागं हेही एक कारण आहे.

त्याच पोराची दुसरी भेट संध्याकाळची. काठावर काळा पाईप टाकलेला, एक तोंड कालव्यात, पाईप बांधावरून चढून पलीकडं शेतात उतरलेला. पोरगं घामाघूम. पाईप पाण्यानं भरायचं, तळव्यानं तोंड दाबायचं, पलीकडं नेऊन सोडायचं. सोडलं की पाणी उलट कालव्यातच परत. तेवढ्यात तात्या मोटारसायकलवरून उतरले.

“काढ तो पाईप! परवानगी हाय का? सात नंबरचा फॉर्म भरलाय का बापानं?”

“न्हाई तात्या. काढतोच.”

तात्या वळले, दोन पावलं गेले आणि थांबले. “आन काय रं, पलीकडचं तोंड तू त्या वरंब्यावर ठिवलंस? कॅनॉलच्या पान्यापेक्षा उच्च हाय ते. सर काय शिकिवत्यात मग?”

पोराची परवानगी नव्हती आणि भौतिकशास्त्रही कच्चं होतं. तात्यांना यातली दुसरी गोष्ट जास्त लागली असावी. सायफनचा नियम डाव्याच्या स्वभावाशी मिळताजुळता आहे: मध्ये कितीही चढ दिसला तरी शेवट सुरुवातीपेक्षा खाली पाहिजे. पाईपाच्या दोन्ही अंगांना पाणी भरलेलं असतं. ज्या अंगाचा स्तंभ उंचीनं मोठा, तिकडं पाणी वाहतं. पलीकडचं तोंड कालव्याच्या पातळीच्या खाली असेल तर पाणी शेतात, वर असेल तर कालव्यात. आणि बांधाचा चढ? तो वातावरणाचा दाब सांभाळून घेतो. कालव्यातल्या पाण्यावर हवा दाबते, म्हणून पाईपाच्या माथ्याशी पाण्याची सलग धार तुटत नाही. त्यालाही मर्यादा आहे. समुद्रकाठी हवेचा दाब सुमारे सव्वादहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलतो. बारामती समुद्रसपाटीपासून साधारण ५४० मीटर उंच, तिथं हवा थोडी विरळ, म्हणून पावणेदहा मीटरच्या आसपास. प्रत्यक्षात त्याच्याही बऱ्याच आधी माथ्याशी हवेचे बुडबुडे धरतात आणि धार तुटते. विहिरीवरची सेंट्रिफ्यूगल मोटर पाण्यापासून सात-आठ मीटरच्या वर बसवू नये असं मेकॅनिक सांगतो, तेही याच कारणानं. मोटर पाणी ओढते असं आपण म्हणतो खरं, पण ढकलते ती बाहेरची हवा.

इतका हिशेबी गडी, पण खोट त्याच्यातही आहे. त्याचा खिसा गळका आहे. मातीच्या तळातून आणि काठांतून पाणी पाझरतं, काठच्या विहिरींना उतरतं आणि काळ्या रानात मुरतं. गुरुत्वाकर्षणानं खाली गेलेलं हे पाणी खालच्या मुरमाशी, खडकाशी अडतं, भूजलाची पातळी वर चढते, आणि एका टप्प्यावर गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध प्रवास सुरू होतो. मातीच्या कणांमधली बारीक पोकळी नळीचं काम करते. एक मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी आपोआप तीन सेंटिमीटर चढतं. व्यास दहावा हिस्सा केला की तीस सेंटिमीटर. पोकळी जेवढी बारीक, तेवढी चढण मोठी, आणि आपल्या काळ्या मातीइतकी बारीक पोकळी थोड्याच मातीत असेल. केशाकर्षणानं वर आलेलं पाणी उन्हात उडून जातं, विरघळलेलं मीठ मागं ठेवतं. वर्षानुवर्षं हे झालं की रानावर पांढरी फूट येते, ऊस पिवळा पडतो, माती चोपण होते. नीरा खोऱ्यातल्या या क्षारपड जमिनींवर कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि त्यांची पिढी कालवा पंचवीस वर्षांचा व्हायच्या आतच कामाला लागली होती. मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांचं त्यावरचं पुस्तक १९१० सालचं आहे. रोग जुना आहे आणि औषधही जुनंच: पाणी मोजून द्या, निचऱ्याचे चर काढा.

मोजून देण्याची शिस्त लावायला याच नीरा कालव्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आले होते. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी ब्लॉक पद्धत बसवली: पाणी गावोगाव विखरून न देता ठरलेल्या गटात द्यायचं आणि त्या गटात बारमाही उसाचा वाटा मर्यादित ठेवून पिकं आळीपाळीनं फिरवायची. पाणी मोजायचं शास्त्रही इथल्याच मातीत पिकलं. १९१६ साली पुण्यात जे छोटं सिंचन संशोधन कार्यालय निघालं, त्याचंच पुढं खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झालं. तिथले क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांवर पाणी मोजायची एक सुबक युक्ती रूढ केली. कालव्याला एके ठिकाणी गळा आवळल्यासारखं अरुंद करायचं. तेवढंच पाणी अरुंद जागेतून जायचं म्हणजे वेग वाढवणं आलं. वेग वाढवायला ऊर्जा लागते, ती उंचीतून येते, म्हणून गळ्यात पाण्याची पातळी खाली बसते आणि पलीकडं उसळी मारून पुन्हा वर येते. आता वेग मोजायचं कारणच उरत नाही. गळ्याच्या अलीकडं पट्टीवर पाण्याची खोली वाचली की किती पाणी चाललंय ते तक्त्यावरून कळतं. डाव्याचा स्वभाव ओळखून त्याच्याच तोंडून आकडा काढून घेतलेला आहे.

आकडा बोलतात क्युसेकमध्ये. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. एक क्युसेक चोवीस तास चाललं तर साडेचोवीस लाख लिटर होतं, आणि ते दोन एकरांवर फूटभर उभं राहील. हे गणित इंदापूरच्या शेतकऱ्याला शाळेत न जाता येतं, कारण त्याची जमीन टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहे. वरच्या अंगाला पाझर, वरच्या अंगाला सायफन, वरच्या अंगाला उसाची दारं. शेवटी जे येतं त्यात मका भिजेल की डाळिंब, असा प्रश्न. ‘टेल टू हेड पाणी द्या’ ही मागणी इंदापूरच्या बावीस गावांच्या आंदोलनांतून वर्षानुवर्षं ऐकू येते. २०१९ साली तर नीरा-देवघर धरणाचं पाणी डाव्याला द्यायचं की नीरेच्या उजव्या कालव्याला, यावरून राज्यभर वाद पेटला होता. कालव्याला सिमेंटचं अस्तर करायचा विषय निघाला की काठचा शेतकरी म्हणतो, माझी विहीर आटेल; टेलचा म्हणतो, तेवढंच माझ्यापर्यंत पोचेल. दोघंही खरं बोलतात, कारण पाणी एकच आहे. ते एकाच्या विहिरीत मुरलं की दुसऱ्याच्या चारीत दिसत नाही. ऊर्जेसारखंच पाणीही नाहीसं होत नाही, कुठंतरी दुसऱ्याच्या खात्यावर चढतं.

म्हणून टेलच्या शाळेतल्या मुलांनी डाव्याशी ओळख वाढवावी ती तोंडओळखीवर न थांबता. पुढच्या आवर्तनात तीन-चार जणांनी, बरोबर सर किंवा मोठं माणूस घेऊन, काठावर जावं; पाण्यात उतरायचं काही काम नाही. काठानं ५० मीटर अंतर टेपनं मोजून दोन खुणा कराव्यात. वरच्या खुणेशी पाण्यात उसाचं चिपाड टाकावं आणि खालच्या खुणेपर्यंत पोचायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर पाहावं. चार-पाच वेळा करून सरासरी काढावी. समजा ६० सेकंद आले, तर वेग ०.८३ मीटर प्रति सेकंद. पण चिपाड वरून गेलं. तळाशी आणि काठाशी घर्षण असल्यामुळं पाणी तिथं मागं रेंगाळतं, म्हणून ०.८५ नं गुणायचं, उत्तर ०.७१. पुलावरून दोरीला दगड बांधून खोली घ्यावी, पुलाच्या लांबीवरून रुंदी. रुंदी ८ मीटर आणि सरासरी खोली दीड मीटर निघाली तर छेदाचं क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. गुणाकार केला की सेकंदाला साडेआठ घनमीटर, म्हणजे सुमारे ३०० क्युसेक. एवढ्यानं वेग आला, घर्षण आलं, सरासरी आली, एककांचं रूपांतर आलं, आणि चुकीची शक्यता किती हेही आलं. चिपाडाच्या मोजणीत दहा-पंधरा टक्के इकडं-तिकडं होणारच, ते वहीत लिहून ठेवावं.

मग वर्तमानपत्रात वीरहून किती क्युसेक सोडलं ते वाचावं, आपल्याशी किती आलं ते तीन दिवसांनी मोजावं आणि वजाबाकी मांडावी. ही वजाबाकी घेऊन ग्रामसभेत उभं राहिलेल्या दहावीच्या पोरीला गप्प बसवणं भल्याभल्यांना जड जाईल. फक्त उत्तरापुढं क्युसेक लिहायला विसरू नये. एकक नसलेल्या आकड्याचे गुण सरही देत नाहीत आणि पाटबंधारे खातंही.